बँडचा भाता

ट्यूबा हे वाद्य ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: पितळेचं असतं, मांडीवर घेऊन वाजवायचं असतं आणि वाजवणाऱ्याला अर्धंअधिक झाकून टाकतं. लवंगीला तर ते अख्खं गिळायचं. समोरून बघणाऱ्याला एक भलामोठा चकचकीत भोंगा दिसायचा आणि त्याच्याखाली दोन बूट. सूर मात्र असा निघायचा की तालमीच्या खोलीखालच्या लाँड्रीत टांगलेले हँगर किणकिणायला लागायचे आणि इस्त्रीवाला वर बघून म्हणायचा, "आली पोरगी."

लवंगी हे नाव मामाने ठेवलेलं. चणीने एवढीशी, पण बोलायला लागली की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायची आणि संध्याकाळी हात धुऊन धावत तालमीला. ट्यूबा आजोबांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा. बँडही त्यांनीच काढलेला. पुढे त्यांचे समोरचे दात गेले, फुंकर भलतीकडूनच निसटायला लागली आणि त्यांनी वाद्य खाली ठेवलं. मामाला ट्यूबा कधी जमलाच नाही. त्याने हातात काठी घेतली आणि तो बँडमास्तर झाला. लहानपणी लवंगी त्या भोंग्यात डोकं घालून झोपायची. आजोबा म्हणाले, "हा हिचा." झालं, पुढे कोणाची बोलायची टाप होती!

आता भात्याचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

या बँडची एक जुनी रीत होती. गाणं सुरू करण्याआधी मामा काठी उंचावून ओरडायचा, "भाता!" की सगळ्यांनी खुर्चीत ताठ बसून, छाती फुगवून, भराभर खोल श्वास घ्यायचे आणि सोडायचे. आत, बाहेर, आत, बाहेर, मामाची काठी खाली येईपर्यंत. लोहाराचा भाता चालावा तसं. मामाचा हिशेब सरळ होता: आधी हवा भरून ठेवली की मग गाण्यात पुरते. आजोबांपासून चालत आलेली पद्धत, तिला कोण नाही म्हणणार? ट्रंपेटवाला करायचा, क्लॅरिनेटवाल्या बाई करायच्या, मोठा ड्रम बडवणारा ड्रमवालासुद्धा करायचा, आणि त्याला तर फुंकायचंच नसायचं. लवंगी जे करायची ते जीव ओतून करायची. तिचा भाता सगळ्यांत जोरात.

बँडला पन्नास वर्षं होत होती. मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला, आणि पहिल्या गाण्याची सुरुवात एकट्या ट्यूबाने होणार असं मामाने जाहीर केलं. चार लांब, खोल सूर, मग बाकीच्यांनी यायचं. लवंगी आनंदाने वेडी व्हायची बाकी राहिली. मामाने मात्र ट्यूबाला हवा जास्त लागते म्हणून भाता दुप्पट केला, आणि तिथेच माशी शिंकली.

पहिल्या वेळी तिचे ओठ बधिर झाले. दुसऱ्या वेळी डोकं तरंगायला लागलं, जणू कोणी उचलून छताला लावलंय. तिसऱ्या वेळी भाता संपला, तिने पहिला सूर धरायला बोटं ट्यूबाच्या कळांवर ठेवली आणि बोटांना मुंग्या आल्या, मनगट आत वळलं, अंगठा तळव्यात गेला, बाकीची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली. हात तिचे, पण तिचं ऐकेनात.

"हवा कमी पडतेय हिला!" मामा ओरडला. "अजून खोल घे! अजून! अजून जोरात!"

लवंगीने बिचारीने घेतला. हात जास्तच आवळले. ट्यूबा मांडीवरून घसरला आणि खालचा इस्त्रीवाला जिना चढून वर आला, वरचं कपाट पडलं की काय बघायला.

मग काय, ज्याला त्याला सल्ला सुचला. क्लॅरिनेटवाल्या बाई म्हणाल्या, अशक्तपणा. ट्रंपेटवाला म्हणाला, भीती. ड्रमवाला म्हणाला, पोरीला ओझं झेपत नाही. आणि बेकरीवाला, जो चांगला धष्टपुष्ट होता, छोटं वाद्य वाजवून कंटाळला होता आणि कित्येक वर्षं ट्यूबाकडे मिठाईच्या कपाटाकडे बघावं तसा बघत होता, तो म्हणाला, "मास्तर, तात्पुरता मी धरू का?"

मामाचं मन भाचीत अडकलेलं, पण बँड म्हणजे बँड. सगळ्यांसमोर त्याने छाती काढून सांगितलं, "नियम म्हणजे नियम. यापुढे ज्याचे हात अडकतील त्याने वाद्य सोडायचं. मग तो कोणी का असेना. मी असलो तरी!"

बेकरीवाल्याने मान डोलावली. लवंगी ट्यूबाच्या मागे लपून राहिली. घरी जाताना तिला इतकं रडू आलं की रस्ता दिसेना. ट्यूबा गेला तर उरलं काय? दिवसभर दुसऱ्यांच्या चष्म्याच्या काचा, एवढंच.

रडून झाल्यावर ती मामीकडे गेली.

मामी म्हणजे मामाची बायको, मेडिकल कॉलेजात शरीराचं कामकाज कसं चालतं ते शिकवायची. बँडच्या तालमीला ती लग्नानंतर एकदाच गेली होती, आणि परत आल्यावर तिने कानांत कापूस घालून जेवण केलं होतं. लवंगीचं ऐकून तिने आधी काही निदान वगैरे केलं नाही. ओळखीच्या डॉक्टरांकडे नेऊन तिची छाती, हृदय, रक्तातली साखर, सगळं नीट तपासून घेतलं. सगळं ठणठणीत. मग तिने विचारलं, "हात अडकतात ते वाजवताना, की त्याच्या आधी?"

"आधी. भाता झाल्यावर."

"कसला भाता?"

लवंगीने करून दाखवायला सुरुवात केली, तर मामीने तिचं तोंडच दाबलं. "पुरे! कळलं. तुझ्या मामाला सांग, उद्या मी तालमीला येतेय."

दुसऱ्या दिवशी मामी खरंच आली. हातात पिशवी, पिशवीत निळ्या पाण्याची बाटली, काचेचे पेले आणि नळ्यांचं पुडकं. सोबत आजोबाही होते, कारण त्यांना घरी एकटं ठेवलं की ते फ्रिज रिकामा करायचे. बायकोला दारात बघून मामाने घाईघाईने तिच्यासाठी खुर्ची पुसली.

"अहो, हिला हवा कमी पडत नाहीये," मामी म्हणाली. "ही नको तेवढी बाहेर टाकतेय."

"हवा जास्त झाली म्हणून कोणाला काही होतं का?" मामा हसला. बँडही हसला, मास्तर हसले म्हणून.

"होतं. बसा सगळे. आपण खातो ते अंगात जळतं. चूल पेटली की धूर आलाच. हा धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो रक्तात विरघळला की त्याचं ॲसिड होतं. चूल चोवीस तास पेटलेली, तेव्हा ॲसिड सतत तयार होत राहणार, आणि ते बाहेर काढायचं धुराडं म्हणजे छाती. जिना चढलात, चूल भडकली, धूर वाढला, की मेंदू लगेच ओळखतो आणि श्वास वाढवतो. तुम्हाला सांगावंसुद्धा लागत नाही."

"मग धूर काढलेला बराच की," ट्रंपेटवाला म्हणाला.

"सगळा नाही. रक्ताला थोडं ॲसिड लागतंच, अगदी मोजकं. तुम्ही खुर्चीत स्वस्थ बसलात, चूल मंद आहे, आणि धुराड्याचा पंखा मात्र फुल्ल. ॲसिड उपसून उपसून संपत आणलं, की रक्त उलट बाजूला कलंडतं. मग रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, नसा उगाच चाळवतात आणि हात आवळले जातात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही आखडतात, म्हणून डोकं गरगरतं. आणि अशा वेळी हे उभे राहून ओरडतात, अजून जोरात!"

मामा काठीच्या टोकाकडे बघायला लागला.

"मग हे सांभाळायला दुसरं कोणी नाही का अंगात?" क्लॅरिनेटवाल्या बाईंनी विचारलं.

"आहे ना. मूत्रपिंडं. छाती म्हणजे घरातली धाकटी सून, हाक मारली की हजर. मूत्रपिंडं थोरली. काम एकदम चोख, पण तिला वेळ द्यावा लागतो, तास नाही तर दिवस. धाकटी अंगात आल्यासारखी वागायला लागली तर थोरली तिथल्या तिथे काय करणार?"

यावर दोन सुना असलेल्या क्लॅरिनेटवाल्या बाई इतक्या हसल्या की त्यांनाच पाणी द्यावं लागलं.

बेकरीवाल्याने तेवढ्यात खिशातून पावाची कागदी पिशवी काढली. "सिनेमात दाखवतात तसं, हिच्या तोंडाला लावली तर?"

"त्यात पावच ठेवा," मामी म्हणाली. "पिशवीत श्वास घ्यायला लावून एखाद्याचा जीव जाईल. खरोखर हवा कमी पडत असली तर?"

मामाला आता आपणही शहाणे आहोत हे दाखवायचं होतं. "म्हणजे कोणीही भराभर श्वास घेताना दिसला, की त्याला हळू घे म्हणायचं. सोपं आहे!"

"अजिबात नाही!" मामी अशी कडाडली की ड्रमवाल्याच्या हातातली काठी खाली पडली. "साखरेच्या आजारात कधीकधी अंग साखर वापरूच शकत नाही. मग ते चरबी जाळत सुटतं आणि भलतंच ॲसिड साठतं. तो माणूस खोल आणि भराभर श्वास घेतो तो जीव वाचवायला. त्याला हळू घे म्हणायचं नसतं, त्याला उचलून दवाखान्यात न्यायचं असतं. म्हणून मी हिची साखर आधी बघितली. आलं लक्षात?"

"आलं," मामा म्हणाला, आणि या वेळी खरंच आलं होतं.

"आता बघा." मामीने पेल्यांमध्ये कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं, ॲसिड ओळखणारं निळं पाणी ओतलं. "नळीतून फुंकायचं. ओढायचं नाही, कोणी ओढलं तर मी जबाबदार नाही. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात गेला की ॲसिड होतं आणि रंग बदलतो."

आधी सगळ्यांनी शांतपणे फुंकून पाहिलं. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं. मोठी माणसं लहान मुलांसारखी खिदळायला लागली. मग मामीने सगळ्यांचे पेले नव्या निळ्या पाण्याने भरले आणि ड्रमवाल्याला जिना उतरून चढायला लावलं. तो धापा टाकत आला, नळीत फुंकलं, आणि पाणी बघता बघता पिवळंधमक. "चूल भडकली होती ना," मामी म्हणाली. "आता भाता. लवंगी, तू अर्धाच कर. काही वाटलं की थांब."

मामाने काठी उंचावली. "भाता!"

भाता झाला. सगळे फुंकायला वाकले. लवंगीच्या पेल्यातलं पाणी निळंच. ती फुंकतेय, फुंकतेय, आणि पाणी आपलं निळं ते निळं; हिरवी झाक यायलाच किती वेळ. बाकीच्यांचे पेले मात्र मघासारखेच झटपट पिवळे. ट्रंपेटवाल्याचा पिवळा, क्लॅरिनेटवाल्या बाईंचा पिवळा, बेकरीवाल्याचा तर सगळ्यांत आधी पिवळा.

मामाला काही कळेना. मामीला मात्र हसू आवरेना. "अहो, तुमच्या बँडमध्ये भाता फक्त ही एकटी करते! बाकीचे नुसते खांदे उडवतात!"

सगळ्या बँडचं पितळ उघडं पडलं होतं. ट्रंपेटवाला छताकडे बघायला लागला. क्लॅरिनेटवाल्या बाई पुटपुटल्या, "गरगरायचं हो. पण मास्तरांना वाईट वाटलं असतं."

"किती वर्षं?" मामाचा आवाज चिरकला. "किती वर्षं खांदे उडवताय?"

आणि मग कोपऱ्यातून आजोबा बोलले. ते आतापर्यंत बेकरीवाल्याच्या पिशवीतला पाव चहात बुडवून खात होते.

"बसून भाता करता तुम्ही?"

"बाबा, तुमचीच पद्धत आहे!"

"गाढवा, आम्ही चालत वाजवायचो! त्या चढाच्या रस्त्यावर, ट्यूबा खांद्यावर घेऊन! वर पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा. मग मी म्हणायचो, भाता करा, दम सावरा, आणि वाजवा. खुर्च्या तू आणल्यास. भातापण खुर्चीत बसवलास होय?"

मामी म्हणाली, "बाबांचं बरोबर होतं. त्यांची चूल भडकलेली असायची."

मामाने कपाळावर हात मारला. बाप बरोबर, बायको बरोबर, भाची बरोबर. माणसाने जायचं कुठे? त्याने भाता बंद केला. पण बेकरीवाल्याने हळूच विचारलं, "आणि नियम?" तेव्हा मामाला मागे सरता येईना. "नियम कायम. कार्यक्रमात हात अडकले तर त्याच दिवशी वाद्य सोडायचं."

त्यानंतर तालमीत लवंगीचे हात एकदाही अडकले नाहीत. मामीने तिला एवढंच सांगितलं होतं: हवेचा साठा करत बसू नकोस, लागेल तेवढी घे, आणि घाबरलीस तर श्वास सोडण्याकडे लक्ष दे, लांब, सावकाश. तरी धाकधूक होतीच. तालीम वेगळी आणि हजार डोळ्यांसमोर वाजवणं वेगळं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. पहिल्या रांगेत आजोबा नवे दात लावून, शेजारी मामी, या वेळी कानांत कापूस न घालता. पडदा वर गेला. बँड खुर्च्यांवर तयार. मास्तरांचा पत्ता नाही.

मास्तर विंगेत होते, आणि भिंतीकडे तोंड करून भाता करत होते. काय करणार! जन्मभराची सवय, पन्नास वर्षांचा बँड, आणि समोर आपला बाप बसलेला. बँडला बंदी होती, स्वतःला घालायची राहून गेली. आणि मामा भाता करायचा तो अगदी खरा. खांदे उडवणं त्याला माहीतच नव्हतं.

तो रंगमंचावर आला तेव्हा टाळ्या पडल्या. त्याने काठी उचलली, आणि काठी निसटून खाली पडली. टाळ्या थांबल्या. मामा वाकला, पण त्याला ती उचलता येईना. लवंगीने भोंग्याच्या कडेवरून पाहिलं. मनगट आत वळलेलं. अंगठा तळव्यात. बोटं ताठ, एकमेकांना चिकटलेली. तो हात तिने लगेच ओळखला. तिचाच तर होता तो.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ हलत होते आणि छाती वरखाली, वरखाली, पूर्वीपेक्षाही भराभर. घाबरलेला माणूस अजून जोरात श्वास घेतो आणि अजून अडकतो. हे तिच्याइतकं तिथे कोणाला ठाऊक होतं? तिच्याही बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. एक क्षण तिला वाटलं, संपलं, दोघंही गेलो.

तिने श्वास सोडला. सगळा, सावकाश, शेवटपर्यंत. मग लागेल तेवढाच घेतला, आणि काठीची वाट न बघता पहिला सूर लावला.

खोल, गोल, भरलेला सूर. मामाने दचकून वर पाहिलं. लवंगीने भोंग्याआडून मान बाहेर काढली, डोळे त्याच्या डोळ्यांना लावले आणि भुवया हळूहळू खाली आणल्या: सोड. सोड, मामा. तो सूर संपायचं नावच घेईना. मामाच्या तोंडून श्वास त्या सुराबरोबर बाहेर पडत गेला, पडत गेला, आणि सूर थांबला तेव्हाच थांबला. दोघांनी एकदमच छोटासा श्वास घेतला. दुसरा सूर. पुन्हा तसंच. तिसऱ्या सुराला त्याचे खांदे खाली आले. चौथ्याला अंगठा तळव्यातून बाहेर आला, आणि त्याने रिकामा हात उंचावून सगळ्या बँडला इशारा केला. बँड असा आला की लोक खुर्चीत पुढे सरकले. पहिल्या रांगेत आजोबांनी दात काढून खिशात ठेवले आणि मोकळ्या तोंडाने वाहवा केली.

बाकीचा कार्यक्रम कसा झाला म्हणून काय सांगू! दोन गाणी लोकांनी पुन्हा वाजवायला लावली. इस्त्रीवाला तिकीट काढून आला होता. तो शेजाऱ्याला सांगत होता, ही आमच्या वरची पोरगी.

पडदा पडल्यावर मामा सगळ्यांसमोर उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "नियम मी केला होता," तो म्हणाला. "ज्याचे हात अडकतील त्याने सोडायचं. मी असलो तरी."

बेकरीवालासुद्धा बुटांकडे बघायला लागला. लवंगीने खुर्चीखाली घरंगळलेली काठी उचलली आणि मामाच्या हातात दिली.

"कसला नियम? मी नव्हता ऐकला. मी ट्यूबाच्या मागे होते."

"मी पण नाही," बेकरीवाला म्हणाला. "माझं लक्ष ट्यूबाकडे होतं."

हशा उसळला. मामाने काठी घेतली, दोनदा हात उघडून मिटून पाहिला आणि लवंगीला जवळ ओढलं. मध्ये ट्यूबा असल्यामुळे ते नीट जमलं नाही.

"फार घाबरलो होतो गं," तो हळूच म्हणाला. मग बँडमास्तरच तो, राहवलं नाही. "पण तो पहिला सूर तू कागदावर आहे त्याच्या दुप्पट धरलास."

"हो," लवंगी म्हणाली. "तुझा श्वास अजून बाहेर पडायचा होता."